बसल्या जागी होल्स्टर

३ नोव्हेंबर, सोमवार
कल्याणला फिजिओथेरपीचा पहिला दिवस. उजवा खांदा आखडलाय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नोकरी सुटल्यावर हालचाल कमी होते, त्याने होतं. मी त्यांना सांगितलं की कॉलेजात फास्ट बोलिंग टाकायचो, त्याचा परिणाम आता दिसतोय. त्या हो म्हणाल्या. खांदा बघून लक्षात आलंच असेल.

शेजारच्या पलंगावर दामाजी नावाचे गृहस्थ पालथे पडलेले. ठाण्याच्या कोळीवाड्यातले. आर्मीतून निवृत्त, आता कल्याणच्या एका बिल्डरशेठचे ड्रायव्हर कम गनमॅन. लायसन्स स्वतःचं, रिव्हॉल्वर स्वतःची. दिवस सगळा गाडीत. शिळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकले की अडकले. कमरेच्या होल्स्टरची, म्हणजे रिव्हॉल्वरच्या चामडी म्यानाची, कड बरगडीखाली रुतते, वरून सीटबेल्ट आवळतो. पाठ कामातून गेली. डॉक्टर म्हणतात होल्स्टर काढा, शेठ म्हणतात लावा.

मीही पालथाच. पालथ्या पालथ्याच मला सुचलं. जगातली सगळी होल्स्टरं उभ्या माणसासाठी बनवलेली आहेत. आणि माणूस तर सदानकदा बसलेला असतो! हे आजवर कोणाच्या लक्षात आलं नाही याचं नवल वाटलं.

संकल्प: बसून आणि गाडी चालवताना वापरायचं होल्स्टर. अस्सल लेदर, हातशिलाई, जन्मभर टिकणारं. मी बनवणार.

लेदरचा अनुभव: नाही. पण मी एमआयडीसीत आयुष्यभर प्लास्टिकच्या बादल्यांचं क्वालिटी कंट्रोल केलंय. मटेरियल शेवटी मटेरियल.

४ नोव्हेंबर
आसावरीला सांगितलं. तिने विचारलं, खांद्याचे व्यायाम केलेत का. विषय बदलायची तिची सवय लग्नापासूनची आहे.

प्राप्ती ऑफिसातून आल्यावर म्हणाली, बाबा, आपल्या घरात सुरीला धार नाही आणि तुम्ही बंदुकीचं काय घेऊन बसलात. मुलगी हुशार आहे, पण लांबचं दिसत नाही तिला.

८ नोव्हेंबर, शनिवार
धारावीला जाऊन लेदर आणलं. दुकानदाराने विचारलं, बेल्टसाठी की चपलेसाठी. मी म्हटलं, सांगता येणार नाही, सिक्युरिटीचा मामला आहे. त्याने घोड्याचं जीन बनवतात तसलं जाड काढून दिलं. टिकाऊपणात तडजोड नाही. घरापर्यंत आणताना डावा खांदाही दुखला.

९ नोव्हेंबर
व्हिडिओ बघून शिलाईचा सराव. एक दोरा, दोन सुया, दोन्ही बाजूंनी ओवायचा. एक टाका तुटला तरी बाकीचे धरून ठेवतात. सरावासाठी आसावरीची जुनी पर्स कापली.

संध्याकाळी
पर्स जुनी नव्हती.

१२ नोव्हेंबर, बुधवार
दामाजींना प्लॅन सांगितला. खूश झाले. ते मला साटमसाहेब म्हणतात. मी मापासाठी रिव्हॉल्वर दोन दिवस घरी द्या म्हटलं. ते म्हणाले, हत्यार दुसऱ्याच्या हाती देता येत नाही, कायदा आहे. मी म्हटलं, शाब्बास. तुमची परीक्षा घेत होतो.

त्याऐवजी ते वर्तमानपत्रावर रिव्हॉल्वर आडवी ठेवून पेनने कड काढून आणणार.

१६ नोव्हेंबर
आकृती मिळाली. तिच्यावरून लाकडी नमुना तासला. जुन्या पाटाचा एक कोपरा वापरला. (आसावरी माहेरी गेलेली.) नमुना हुबेहूब. फक्त सगळीकडून किंचित बारीक ठेवला. लेदर वापरून सैल होतंच, तेव्हा आधीच घट्ट असलेलं बरं. हा विचार क्वालिटी कंट्रोलचा माणूसच करू जाणे.

२० नोव्हेंबर, गुरुवार
मोल्डिंग. लेदर गरम पाण्यात भिजवायचं, नमुन्यावर ताणून बसवायचं, दाबायचं, वाळवायचं. गॅलरीत ऊन येत नाही म्हणून ओव्हनमध्ये मंद आचेवर ठेवलं. वरच्या मजल्यावरून विचारणा झाली की तुमच्याकडे काही जळतंय का. आसावरीने खिडक्या उघडल्या आणि जाहीर केलं की भिजवायला घेतलेलं पातेलं आता स्वयंपाकघरात परत येणार नाही. मोठं पातेलं होतं. माझ्या वर्कशॉपला उपयोगी पडेल.

वर्कशॉप म्हणजे सध्या गॅलरी.

२४ नोव्हेंबर, सोमवार
होल्स्टरचा पहिला नमुना तयार. छातीच्या खाली, डाव्या बाजूला, तिरका. सीटबेल्टच्या आड येत नाही, पोटात रुतत नाही. पट्टा खांद्यावरून. दिसायला रुबाबदार. आरशासमोर बराच वेळ.

आता टेस्टिंग. आपली गाडी पार्किंगमध्ये कव्हर घालून उभीच असते. रोज नाश्ता झाला की होल्स्टर लावून, बेल्ट बांधून स्टिअरिंगमागे बसायचं ठरवलं. गाडी चालवायची गरज नाही. शिळफाट्यालाही ती चालत नसते.

२६ नोव्हेंबर
टेस्टिंग सुरू. सोसायटीत माझ्या कामाची दखल घेतली जातेय. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी गाडीत चहा आणून दिला. वर हातावर थोपटलं.

२८ नोव्हेंबर
आज पोहे आले. लिफ्टजवळ दोघेजण माझ्याकडे बघून हळू आवाजात बोलत होते. संशोधन म्हटलं की कुतूहल असायचंच.

१ डिसेंबर, सोमवार
आमचे चेअरमन प्रभाकर कर्णिक येऊन बाजूच्या सीटवर बसले. दार हळूच लावून घेतलं. मग म्हणाले, घराघरांत असं होतं साटम. मी स्वतः मागच्या वर्षी आठवडाभर गच्चीवरच्या खोलीत होतो. मला वाटलं, तेही काहीतरी बनवत असतील. काय बनवत होता, असं विचारलं. ते म्हणाले, बायकोची समजूत घालत होतो.

मग मी कोट बाजूला करून त्यांना होल्स्टर आणि त्यातला लाकडी नमुना दाखवला. ते ताडकन उतरले. वहिनींशी मी बोलतो, तुम्ही काही टोकाचं करू नका, असं म्हणत जिन्याने वर गेले. लिफ्ट खाली उभी असताना.

संध्याकाळी
आसावरी बोलत नाहीये. तिने मला घराबाहेर काढलंय म्हणून मी गाडीत राहतो, असा सोसायटीचा समज आहे म्हणे. प्रभाकरांनी तिला नवऱ्याशी मायेने वागण्याबद्दल समजावलं. प्राप्ती हसून हसून सोफ्यावर आडवी. टेस्टिंग यशस्वी झाल्यामुळे आजच बंद करतोय. बाहेरच्या दबावाचा याच्याशी संबंध नाही.

७ डिसेंबर, रविवार
अंतिम होल्स्टर. दुहेरी लेदर, आत चिकटवायचं सोल्यूशन, बाहेरून शिलाई, शिलाईच्या बाजूला दुसरी शिलाई. वरून मेण. खिडकीच्या दांड्याला बांधून लोंबकळून पाहणार होतो, पण खांदा. प्राप्तीला लोंबकळ म्हटलं. नाही म्हणाली.

आसावरी आज स्वतःहून दोन वाक्यं बोलली. पहिलं, गॅलरीतून ते सामान हलवा. दुसरं, टाके छान आलेत.

दुसरं वाक्य लिहून ठेवण्यासारखं आहे.

१४ डिसेंबर, रविवार
डिलिव्हरी. दामाजी डोंबिवलीला आमच्या घरी आले. गोळ्या घरी कपाटात ठेवून, रिकामी रिव्हॉल्वर घेऊन. शिस्तीचा माणूस. होल्स्टर पाहून खूश झाले. रिव्हॉल्वर आत जाताना थोडी अडली. मी म्हटलं, जोर लावा, अस्सल माल असाच असतो. त्यांनी लावला. मीही लावला. गच्च बसली.

तसेच गाडीत बसले, वळले, वाकले, बेल्ट लावला, काढला. कुठेच टोचत नाही म्हणाले. त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. ठाण्याला पोचून फोन केला की कितीतरी महिन्यांनी पाठ न धरता गाडीतून उतरलो. मी आसावरीला फोन स्पीकरवर ऐकवला.

आजचा दिवस मोठा आहे.

रात्री आठ
दामाजींचा पुन्हा फोन. रिव्हॉल्वर निघत नाही. मी म्हटलं, नवीन लेदर आहे, सकाळपर्यंत सैल होईल.

१५ डिसेंबर, सोमवार
सैल झालं नाही. टाल्कम पावडर सुचवली. मग खोबरेल तेल. आता तेल आणि पावडर मिळून आत लगदा झालाय म्हणतात. मी म्हटलं, फ्रीझरमध्ये ठेवा, धातू आकसतो. हे विज्ञान आहे.

संध्याकाळी बातमी: महापालिकेची निवडणूक जाहीर, आचारसंहिता लागू. आपल्याला काय त्याचं.

१७ डिसेंबर, बुधवार
आपल्याला आहे त्याचं. आचारसंहितेत लायसन्सवाल्या हत्यारांची नोटीस निघाली, दामाजींना रिव्हॉल्वर पोलिसांत जमा करायचीय. मुदतीत केली नाही तर लायसन्स जाईल आणि त्याच्याबरोबर नोकरी. फ्रीझरमध्येही काही झालं नाही. धातूबरोबर लेदरही आकसलं असावं. फोनवर त्यांचा आवाज बदललेला. ते रागावत नाहीत, ते जास्त वाईट. त्यांनी फक्त विचारलं, 'साटमसाहेब, तुम्ही येता का मंग माझ्याबरोबर?'

जातो म्हटलं. एक्स्पर्ट लागणारच तिथे.

१८ डिसेंबर, गुरुवार
सविस्तर लिहितो, कारण दिवस संमिश्र गेला.

दामाजींच्या मांडीवर पिशवी, पिशवीत होल्स्टर. फ्रीझरमध्ये बोंबलांशेजारी ठेवल्यामुळे वास. रिक्षात दामाजींनी पिशवी दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. आर्मीत असताना कधी हत्याराची तक्रार नव्हती, एवढंच एकदा पुटपुटले, तेही बाहेर बघत. मी रिक्षावाल्याला मीटर बरोबर चालतंय का विचारलं. क्वालिटी कंट्रोलची सवय.

चौकीत जमा करणाऱ्यांची रांग. सगळे टेबलावर हत्यार ठेवतात, हवालदार नंबर लायसन्सशी पडताळतात, पावती देतात. आमची पाळी आली. हवालदार म्हणाले, बाहेर काढा, नंबर दाखवा. दामाजी म्हणाले, निघत नाय. हवालदारांनी स्वतः ओढून पाहिलं. मग दुसऱ्याला बोलावलं. एकाने होल्स्टर धरलं, एकाने मूठ. रांगेतले लोक पुढे येऊन बघायला लागले. मी समजावून सांगितलं की झटापटीत कोणी हत्यार हिसकावू नये म्हणून पकड मजबूत ठेवलेली असते. हवालदार म्हणाले, 'मालकालाच हिसकावता येत नाही, त्याचं काय?'

शेवटी कापायचं ठरलं. कात्री वाकली. कटरचं पातं मोडलं. मग कुठूनतरी करवत आली. दामाजी हात मागे बांधून उभे होते, डॉक्टरच्या दाराबाहेर माणूस उभा राहतो तसे. सावकाश, रिव्हॉल्वरला न लागू देता, एकेक थर कापत गेले. दुपारचा चहा होऊन गेला. नोंद घेण्यासारखी गोष्ट: लेदर कापलं गेलं, पण माझा एकही टाका सुटला नाही.

रिव्हॉल्वर निघाली. तेल-पावडर पुसल्यावर नंबर दिसला. दामाजींनी सोडलेला श्वास मला टेबलाच्या या बाजूला ऐकू आला.

चौकीतल्या इन्स्पेक्टरसाहेबांनी विचारलं, हे बनवलं कोणी. दामाजी लगेच म्हणाले, 'रस्त्यावर घेतलं, साहेब.' माझ्या कामाचं श्रेय असं रस्त्यावर गेलेलं मला पटेना. मी पुढे होऊन नाव, पत्ता, मोबाईल नंबर सांगितला. साहेबांनी सगळं लिहून घेतलं. मग बजावलं की पुन्हा असलं काही बनवून कोणाला दिलंत तर याद राखा. म्हणजे प्रॉडक्टला मागणी येईल हे त्यांनाही दिसतंय.

बाहेर आल्यावर दामाजींनी चहा पाजला. त्यांनीच पाजला. मी कप हातात घेतला आणि काहीतरी म्हणायचं होतं, पण ते म्हणाले, ऱ्हाऊ द्या.

२० डिसेंबर
दोष कुठे होता याचं विश्लेषण.
१. वर्तमानपत्राचा कागद दमट असावा, आकृती पसरली.
२. मग नमुना मोठा व्हायला हवा होता. तो बारीक झाला. तपासतोय.

२१ डिसेंबर
तपासलं. बारीक मीच ठेवला होता.
आसावरीला सांगितलं. ती म्हणाली, मला माहेरून परतले तेव्हाच कळलं होतं, पाटाचा कोपरा गायब दिसला म्हणून नमुना आकृतीवर ठेवून पाहिला होता. पण तुम्ही बऱ्याच दिवसांनी शीळ घालत होतात, म्हणून बोलले नाही.
मला शीळ घालता येते हे मला माहीत नव्हतं.

२ जानेवारी, शुक्रवार
नवीन वर्षाचे संकल्प. दामाजींना फोन करायचा. उद्या.

९ जानेवारी
फोन करायचा होता. पण ते ड्रायव्हिंग करत असतील. ड्रायव्हरला फोन करणं धोक्याचं.

१२ जानेवारी
आज रविवार नव्हता म्हणून नाही केला.

१८ जानेवारी, रविवार
निवडणूक झाली, निकाल लागले. सकाळी बेल वाजली. दारात दामाजी, हातात कोलंबीची पिशवी. मला वाटलं नुकसानभरपाई मागायला आले असतील, म्हणून आसावरीला पुढे केलं. ते आत येऊन खुर्चीवर बसले. सरळ, टेकून. उशी न मागता.

हकीगत अशी. रिव्हॉल्वर जमा झाल्यापासून महिनाभर कमरेला काहीच नव्हतं. पहिल्या आठवड्यात चुकल्यासारखं वाटायचं. दुसऱ्यात पाठ दुखायची थांबली. शिळफाट्याला बसून गाणी ऐकायला लागले. फिजिओथेरपी बंद. मग शेठना जाऊन सांगितलं की आता फक्त गाडी चालवतो, हत्यार परत लावत नाही. शेठ म्हणाले, लावलं काय, न लावलं काय, मला मारायला येतो कोण, शोभेला होतं ते. पगार तोच ठेवला.

मी विचारलं, पण त्या एका दिवसात होल्स्टर टोचत नव्हतं, हे तर खरं ना. ते म्हणाले, शपथ, अजिबात नाही. मग कोलंबीची पिशवी आसावरीकडे देत म्हणाले, 'वैनी, साटमसाहेबांच्यापायी माझी बंदूक सुटली बगा.'

हे वाक्य जाहिरातीत घालता येईल का, असं मी विचारलं. आसावरी हसायला लागली, प्राप्ती हसली, दामाजी तर डोळे पुसायला लागले. मग मीही हसलो, थोडा उशिरा.

सगळे मिळून जेवलो. कोलंबीचं कालवण दामाजींनी आसावरीला सांगून सांगून करून घेतलं.

जेवणानंतर नवीन संकल्प लिहायला बसलो. काही सुचलं नाही. खुर्चीवर बसल्या बसल्याच झोप लागली. कुठेच टोचत नव्हतं.