रविवारच्या विजा

४ मे, सोमवार

लिंबाएवढ्या गारा! काल संध्याकाळी, इटलीत, बरोब्बर मी नारिंगी रंगवलेल्या पट्ट्यात! फोटो बघून मी माडीवर अक्षरशः नाचले. आई चहा घेऊन आलेली. "अगो, त्यांची द्राक्षं झोडपली नि तू नाचतेस?"

चूकच. पण ऑस्ट्रियातल्या संस्थेने मला उमेदवारीवर घेतलंय. युरोपच्या नकाशावर वादळं कुठे होणार ते रोज आखायचं, आणि तेही रत्नागिरीत, खाडीकाठच्या घरात बसून. आनेलीझबाई, माझ्या वरिष्ठ, म्हणाल्या, "संस्कृती, सुंदर रेषा!" आज दिवसभर हवेत.

६ मे

जेवताना बाबा म्हणाले, "त्या इटलीवाल्यांका सांगतेस, आमच्याकडे कधी गडगडणार तां पण सांग की."

मी हसले. आपला नकाशाच तो नव्हे! मग राहवेना, बघितलंच. रविवार बरा दिसत नाही. खाली समुद्राची दमट हवा, वर घाटाकडून येणारा वारा. दुपारी सह्याद्रीवर ढग उभे राहिले तर सरळ आपल्याकडे सरकतील.

७ मे

चित्र तसंच. आणि रविवारी दीपकची क्रिकेटची फायनल. सड्यावर. अरे देवा!

८ मे, शुक्रवार

दीपक माझा चुलतभाऊ, क्रिकेट स्पर्धेचा सर्वेसर्वा. त्याला म्हटलं, सडा म्हणजे उघडा कातळ, आडोशाला झाड नाही, मंडपाला लोखंडी खांब. दुपारी खेळू नका.

"ताई, तू इटलीचा बघ. सडो आमचो!"

"सकाळी खेळा ना."

"चिपळूणची टीम सकाळी कशी येतली? विमानान?"

भांडण चढत गेलं. बाबा ओटीवर जाळं शिवत होते. मान वर न करता म्हणाले, "मी रविवारी होडी काढत नाय. तुका खेळायचा तर खेळ."

दीपकने तिथल्या तिथे चिपळूणला फोन लावला. बाबा होडी काढत नाहीत म्हणजे काय ते इथे सगळ्यांना कळतं. मॅच सकाळी ठेवली.

मग धीर करून नातेवाइकांच्या ग्रुपवर लिहिलं: रविवारी दुपारनंतर रत्नागिरी ते राजापूर विजांची दाट शक्यता. उघड्यावर, झाडाखाली थांबू नका. पक्क्या घरात जा. पाठवण्याआधी चारदा वाचलं. इटलीचं एकदाच वाचते.

१० मे, रविवार

फजिती!

मॅच झाली. चिपळूणवाले डोळे चोळत आले आणि जिंकूनही गेले. दीपक शून्यावर बाद. त्याचंही खापर माझ्यावर. दुपारी सगळे गच्चीवर, आकाशाकडे कमी नि माझ्याकडे जास्त बघत. कडक ऊन. लांब आग्नेयेला ढगांचे मनोरे चढले, काय देखणे! आणि तिथेच राहिले. इथे थेंब नाही. "ताई, छत्री उघडू काय?" पोरं खिदळली.

तेही चाललं असतं. पण संध्याकाळी बंदरावर बांगडा उतरला, टोपल्याच्या टोपल्या. आमची होडी तेवढी कोरडी. बाबा तिथे उभे होते, दुसऱ्यांचा बांगडा बघत. मला बघून म्हणाले, "उद्या पण समुद्र हाय तिथंच."

तेच जास्त लागलं.

११ मे

माझं नाव आता "इटलीवाली". वाण्याच्या दुकानातसुद्धा! आईला हसू आवरत नाही. मलाही थोडं आलंच.

आनेलीझबाईंना सांगितलं. म्हणाल्या, वादळ झालं ना? मग थोडं बाजूला गेलं तरी तो चांगलाच अंदाज. मी म्हटलं, "इटलीत माझे बाबा होडी घेऊन जात नाहीत."

त्यावर त्यांनी बाबांचं नाव विचारलं.

ठरलं. इथले अंदाज बंद. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "बरा." आणि होडीकडे गेले.

१२ मे

आत्ता फोन आला. अनोळखी बाई, राजापूरकडच्या गावातून. विमला नाव. "तूच ती इजेची पोरगी काय गो?" तिच्या मुलाची हळद होती रविवारी, अंगणातल्या आंब्याखाली. माझा निरोप कुणाकुणाकडून फिरत तिच्यापर्यंत गेला. तिने नवरदेवासकट सगळं वऱ्हाड शाळेच्या इमारतीत नेऊन बसवलं. लोक कुरकुरले. मग वीज आंब्यावरच उतरली, बुंध्यापर्यंत चिरत.

धावत ओटीवर गेले. फोन बाबांच्या हातात दिला. त्यांनाही ती तेच सांगत होती, मला इथवर ऐकू येत होतं:

"मांडव जळला ओ. माणसां सगळी हायत."