विसाव्यातला डोंगर

बाबा, तुम्ही गेल्याला इतकी वर्षं झाली, तरी आज दिल्लीत, आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरात बसून तुम्हांलाच लिहितेय, कारण हे दुसऱ्या कुणाला सांगावं ते कळत नाही. मृदा-अधिकारी म्हणून तुमची नागालँडला बदली झाली, तेव्हा पहिल्याच वर्षी डोंगर भाजताना पाहून आई घाबरली होती. तुम्ही म्हणालात, "अगं, आपल्याकडे भाताचा राब भाजतात ना, तसंच. फक्त वाफा डोंगराएवढा." आईनं कपाळाला हात लावला. पुढे त्याच उतारावरचा भात, तीळ, भोपळे तिच्या स्वयंपाकघरात आले. पीक निघालं की गाव पेरणीला दुसऱ्या उतारावर जायचं, आणि पहिल्यावर रान पुन्हा वाढू द्यायचं. अजून डोळ्यांसमोर येतं: तुम्ही मला मुद्दाम कमरेएवढे राखलेले बुंधे दाखवता, त्यांना फुटलेले धुमारे दाखवता. मी एका बुंध्यावर चढते आणि तुमचा करडा आवाज येतो, "उतर खाली. डोंगर विसावा घेतोय."

आता मी इथं ऑफिसात जमिनीचे नकाशे तपासते. उपग्रहाच्या चित्रात विसावणारा उतार आणि ओसाड उतार सारखेच दिसतात, दोन्ही 'पडीक' ठरतात, आणि पडीक ठरलं की तिथं पामतेलाची झाडं लागणार. त्यात आपलं ते गावही आलंय. तिथली एक मुलगी इथंच जवळ मुनिरक्यात राहून शिकते, ती भेटायला आली. मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, "मैं विरोध करूंगी." ती चहा ढवळत राहिली. "दीदी, माँ तो खुद पाम लगाना चाहती है. पहले जंगल पूरा लौटता था, तब काटते थे. अब बीच में ही जला देते हैं. मिट्टी बह जाती है, धान पूरा नहीं पड़ता. जंगल भी चाहिए, माँ का पेट भी भरे. आप बताइए."

इकडे आड, तिकडे विहीर. तरी मीटिंगमध्ये बोलले, की ही जमीन पडीक नाही, विसाव्यात आहे. साहेब हसले, "मॅडम, कविता बाद में, अच्छा?" आणि पुढचा विषय निघाला. मला तुमचाच राग आला, बाबा. एवढं शिकवलंत, मग डोंगराला विसावा द्यायला माणसांनाच सवड उरली नाही तर काय करायचं, ते का नाही शिकवलंत?

हे पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी पाठवलं नसतं. त्या मुलीला मी "देखते हैं" म्हणून वाटेला लावलं. हल्ली तिचा फोन येत नाही. खरं सांगू, येत नाही तेच मला बरं वाटतं.