जाळ, गाई आणि माझी बदली

२ फेब्रुवारी, सकाळी ७
आजपासून शिस्त. या माळावरच्या संशोधन केंद्रात सहा वर्षं झाली. एक खोली, एक टेबल, खिडकीतून गवत, दारातूनही गवतच. बायको आणि लेक शहरात, हेड ऑफिसही तिथेच. मोठे साहेब म्हणालेत की माळावरचे वनस्पतींचे प्रकार सत्तावीसचे चाळीस करून दाखवा, हेड ऑफिसला बदली नक्की. प्लॅन तयार आहे. माजलेल्या गवताखाली बारीक झाडोरा गुदमरतो. म्हणून माळाचे तीन भाग. दरवर्षी एकच जाळायचा. कोवळ्या फुटव्यावर गाई चरतील, बाकीचे दोन विश्रांती घेतील. सप्टेंबरात मोजणी, ऑक्टोबरात मी घरी. बॅग भरून ठेवली.

६ फेब्रुवारी
गाईवाली मावशी ऐकत नाही. केंद्राने चराईसाठी हिच्या अकरा गाई ठेवल्यात. भाग दोन आणि तीनच्या मधला पट्टा तिने महिनाभर चारून पार तासून टाकला. नकाशात तिथे चराई नाही! लेखी ताकीद दिली. तिला वाचता येत नाही, म्हणून मीच वाचून दाखवली. म्हणाली, साहेब, वाचता मात्र छान.

११ फेब्रुवारी
लेकीच्या वाढदिवसाला रजा मागितली. जाळण्याच्या हंगामात केंद्र सोडता येत नाही म्हणे. बायको म्हणाली की तू नसण्याची आम्हाला सवय झाली आहे. प्रेमानेच म्हणाली असावी.

१८ फेब्रुवारी, सकाळी ८
आज जाळ. सातला वारा तपासला. उत्तम. मावशी म्हणते आत्ताच लावा, दव आहे तोवर जाळ ऐकतो. पण रिपोर्टला फोटो लागतो आणि सकाळी माझ्या तोंडावर सावली येते. दोनला लावू. वारा एकदा तपासलेला आहेच.

तोच दिवस, सायंकाळी ६
भाग एक जळाला. भाग दोनही जळाला. वारा फिरला, हा माझा दोष नाही. जाळ थांबला तो मावशीने चारलेल्या पट्ट्याशी. तिथे जळायला काही उरलंच नव्हतं. मी दोन तास राखेत उभा, चहूकडे धूर. मावशी लांबून ओरडत होती की जळलेलं पुन्हा जळत नाही साहेब, तिथून हलू नका! हललो नाही. प्रसंगावधान. भुवया गेल्या.

२२ फेब्रुवारी
हेड ऑफिसचं पत्र. जबाबदार कोण, लेखी खुलासा द्या. दिवसभरात चार मसुदे फाडले. बदली हुकली तर लेक मोठी होताना फोनवरच ऐकायची. शेवटी लिहिलं: कुठे जाळायचे, कुठे चारायचे, हे सर्व निर्णय गाईवाल्या मावशीचे, प्रस्तुत अधिकारी केवळ उपस्थित होता. सही, शिक्का. मावशीने विचारलं काय लिहिलंत. म्हणालो, तुमच्याबद्दलच. खूश होऊन तिने तांब्याभर दूध आणलं. घशाखाली उतरेना. नीट तापवलं नसणार.

१० मार्च
हेड ऑफिसने मावशीला लेखी ठपका पाठवला. मीच वाचून दाखवला. जरा गाळून.

२१ सप्टेंबर
वनस्पती मोजणाऱ्या बाई तीन दिवस गुडघ्यांवर रांगल्या. सत्तावीसचे सेहेचाळीस! जुनं गवत हटलं, उजेड जमिनीपर्यंत पोचला, इवलीइवली फुलं उठली. मावशीने कुठे किती दिवस गाई फिरवल्या देव जाणे; मी तेव्हा रिपोर्टचं मुखपृष्ठ करत होतो. शीर्षक: अधिकाऱ्याच्या नियोजनाचे यश. पाठवला. लेकीला सांगितलं, बाबा येतोय. बॅग पुन्हा भरली, कपडे बुरसले होते.

५ ऑक्टोबर
उत्तर आलं. आपल्या खुलाशानुसार सर्व निर्णय मावशींचे असल्याने ठपका रद्द. त्यांची वर्षभर हेड ऑफिसात प्रशिक्षक म्हणून नेमणूक. चराईत खंड पडू नये म्हणून अकरा गाई आपल्या ताब्यात. सोबत माझ्याच खुलाशाची प्रत, माझाच शिक्का. हात दाखवून अवलक्षण! साहेबांना फोन केला. म्हणाले, तुम्हाला उपस्थित राहण्याचा अनुभव आहेच.

७ ऑक्टोबर
मावशी गेली. जाताना प्रत्येक गाईच्या कानात काहीतरी बोलली. मला म्हणाली, यांना हाकू नका साहेब, मागून चाला. गाईंच्या मागे चालणं माझ्या हुद्द्यात बसत नाही. उद्यापासून मीच हाकणार.

८ ऑक्टोबर
मागून चाललो.

१९ ऑक्टोबर, दुपारी ४
लेकीचा फोन. मावशी रविवारी आमच्याकडे जेवायला होती. हेड ऑफिसात तिला सगळे कागद वाचून दाखवतात म्हणे, जुनेसुद्धा. म्हणजे माझा खुलासाही. विचारलं, माझ्याबद्दल काय म्हणाली? लेक म्हणाली, बाबा, मावशी सांगत होती की चारी बाजूंनी जाळ होता तरी तू जागचा हलला नाहीस, असा धीराचा माणूस तिने पाहिला नाही.

फोन ठेवल्यावर डोळ्यांना धार लागली. धुरामुळे, असं लिहिणार होतो. पण माळ सगळा हिरवागार आहे, धूर कुठेच नाही.