पिकपमधला रथ का पेटला

पनवेल, रविवार

चिरंजीव येहुदास थोरल्या बहिणीचा शालोम आणि आशीर्वाद.

देव तुला शंभर वर्षं ठेवो, आणि त्यातले चार दिवस इकडे यायला मोकळे ठेवो. तुझे गुडघे, तुझ्या बायकोचं पित्त आणि तिकडे इस्रायलात अश्दोदची हवा कशी आहे ते कळव. (हवा चांगलीच असणार. तू देश सोडलास तेव्हापासून दर पत्रात पहिली हवा असते आणि माणसं शेवटच्या ओळीत.) इकडे सगळं ठीक. माझे वरचे दात गेले, खालचे आहेत. जीभ होती तशीच आहे.

तुझं पत्र पोचलं. यंदाही येणं जमत नाही, आणि तुझी जुनी पिकप त्रास देत असेल तर इनॉकने ती विकून टाकावी, आता तिच्यात बसायला कोण येणार आहे, असं लिहिलंस. माझ्या लेकाने, इनॉकनेच, ते मोठ्याने वाचलं आणि दुसऱ्या दिवशी बँकेतल्या सोबत्यांत गिऱ्हाईक शोधायला लागला. मी म्हटलं, थांब. गाडी गेली की मामाचं इथे उरलं काय? एक मोडकी खुर्ची आणि मी. दोन्हींना गिऱ्हाईक नाही. म्हणून मीच हे पत्र लिहायला बसले. मी चौथीतून उठलेली, तेव्हा चुका काढू नकोस. (तू सातवीपर्यंत गेलास तो मास्तर आपल्या बापाला भ्यायचा म्हणून.)

तर मागच्या महिन्यात एका शुक्रवारी आम्ही पेणला सूनबाईच्या माहेरी गेलो होतो. फ्लोराला माहेरी नेलं की ती रिकाम्या हाताने निघत नाही. पोह्यांची पोती घेतली, नारळ घेतले, वर तिच्या भावाने एक कोंबडाही दिला. पोत्यांवर मागे आमची नात इलाना बसली. पुढे इनॉक, मध्ये फ्लोरा, खिडकीशी मी. इनॉक गाडी अशी चालवतो की खड्डा लांबून बघतो, नीट विचार करतो आणि मग त्यातच घालतो. सूर्य मावळायच्या आत शब्बाथचे दिवे लावायला घरी पोचायचं, म्हणून मी त्याला सारखी टोचत होते.

गाडीच्या काट्यांपुढे तू जाताना चिकटवलेलं एलियाहू हनाबीचं चित्र आठवतंय ना? तो अग्नीच्या रथात बसून आभाळात जातो ते. मामाने केवढ्या भक्तीने लावलंय, असं म्हणत फ्लोरा ते दर आठवड्याला पदराने पुसते. कर्नाळ्याची खिंड लागली आणि ती किंचाळली, "आई, रथ पेटला!" बघते तर खरंच! रथाचं चाक आतून लालभडक झालेलं. फ्लोराने डोक्यावर पदर घेतला. इनॉकने एका हाताने टोपी चाचपली. खोटं कशाला लिहू, मीही हात जोडले. इनॉक म्हणाला, थांबून बघू का? फ्लोरा म्हणाली, "हनाबी पुढे चाललाय आणि तुम्ही थांबता? दाबा!" त्याने दाबली.

थोड्या वेळाने इंजिनातून टक टक, टक टक. फ्लोराच्या डोळ्यांना धारा. म्हणाली, घोड्यांच्या टापा! मला जरा संशय आला, कारण घोडे मेले तरी असा वास मारत नाहीत. जळक्या तेलाचा वास होता तो. आपल्या बापाच्या घाण्यावर एकदा कढई विसरली होती तसा. इतक्यात मागून इलानाने काच बडवली. "आजी, धूर! मागे काही दिसत नाहीये!" आणि फ्लोराने काय म्हणावं? "आता तो वावटळीतून वर जाणार." मी म्हटलं, "तो जाईल गं, त्याच्यासाठी रथ आलाय. आपल्याला खालीच राहायचंय. इनॉक, बंद कर!" (त्या क्षणी मी मनात एक गोष्ट बोलले. ती शेवटी लिहिते.)

गाडी बंद पडली ती खिंडीत, माकडांच्या समोर. पोह्याच्या वासाने ती जवळ सरकायला लागली आणि कोंबडा आरवायला लागला. तेवढ्यात चिरनेरचा एक आगरी माणूस, धर्मराज, टेंपो घेऊन मागून आला. उतरला, तेल मोजायची पट्टी उपसून बघितली आणि म्हणाला, "आजे, यात तेल नाय हाय. ठणठणीत कोरडी हाय. दिवा नाय लागला?" मी म्हटलं, दिवा नाही लागला, रथ लागला. त्याने आत डोकावून चित्राला आधी नमस्कार केला, मग विचारलं, "ह्यो देव कंचा?" देव नव्हे, आम्हां यहुद्यांचा प्रेषित, असं फ्लोरा त्याला पहिल्यापासून सांगायला बसली. सूर्य चालला होता खाली. शेवटी मीच केसातला आकडा काढून चित्राचा कोपरा उचकटला.

मागे काय होतं, येहुदा? बोटाच्या नखाएवढा लाल दिवा, आणि त्यावर तेल घालायच्या झारीचं चित्र. चोच पुढे, थेंब पडतोय. हुबेहूब बापाच्या दुकानातली झारी! आपले आजेपणजे तेल गाळत आले, शनिवारी घाणा बंद म्हणून गाव आपल्याला शनवार तेली म्हणायचं, आणि त्याच घरातली तीन मोठी माणसं तेल मागणाऱ्या दिव्याला हात जोडून बसली होती. धर्मराज म्हणाला, "आमच्या टेंपोला दिवाच नाय, म्हणून कंदी बिघाड दिसतच नाय." त्याने दोर बांधून आम्हांला घरापर्यंत ओढत आणलं आणि पैशाऐवजी कोंबडा नेला. दिवे वेळेत लागले.

पण दिव्यावर आणखी एक वस्तू होती. काळी चिकटपट्टी, चार पदरी, कडा दातांनी तोडलेल्या. उन्हाने डिंक वितळून ती खाली घसरली होती, म्हणून इतक्या वर्षांनी उजेड दिसला. अशी पट्टी जगात एकच माणूस लावतो. त्याने आईची काठी, बापाचा चष्मा आणि स्वतःचा रेडिओ असाच दुरुस्त केला होता. तेल तेव्हापासून गळत होतं तर! आधी दिव्याचं तोंड बांधलंस, मग त्यावर हनाबीला पहाऱ्याला बसवलंस, आणि आम्ही म्हणायचं केवढी भक्ती.

काशिराम मेस्त्रीने खालचा ढिला बोल्ट बदलला, इंजिनातल्या झिजलेल्या बेअरिंगच्या वाट्या बदलल्या, आणि बजावलं की लाल दिवा लागला की गाडी बाजूला घ्यायची, बंद करायची आणि तेल बघायचं. आरती नंतर. चावी फिरवली की तो पेटतो आणि इंजिन लागलं की विझतो, म्हणजे दिवा जागा आहे, झोपलेला नाही, असं समजायचं. फ्लोरा अजून चावी फिरवताना डोळे मिटते. एलियाहू हनाबी आता घरात, भिंतीवर, मानाने आहे. गाडी उत्तम पळते. विकत नाही.

बायकोला आशीर्वाद. पोरांना मराठी विसरू देऊ नकोस, नाहीतर मी बोलले ते त्यांना टोचणार कसं?

तुझी बहीण,
मलका

ता. क. खिंडीत मनात बोलले ते असं: हे एलियाहू हनाबी, एवढी गाडी घरी पोचव, माझा भाऊ येहुदा स्वतः येऊन अलिबागजवळच्या खंडाळ्याला, तुझ्या रथाची खूण आहे त्या जागेवर, गोड पोह्यांचा मलिदा करील. गाडी पोचली. नवस तुझ्या नावाचा आहे, दुसऱ्या कोणाकडून फिटणार नाही. मी आपल्या मशिदीत, सिनेगॉगमध्ये, विचारून घेतलंय. (विचारलं नाही, पण तू कुठे तपासायला येणार आहेस? आलास तर विचार.) पेणचे पोहे डब्यात भरून ठेवलेत. त्यांना किडे लागायच्या आत ये.

ता. क. दुसरा. त्या झारीशेजारी आता बॅटरीचा दिवाही लागायला लागलाय. त्यावर मी तू समुद्राकाठी काळा चष्मा घालून काढलेला फोटो चिकटवलाय. दिवा लागला की तुझं तोंड लाल होतं, जन्मात पहिल्यांदा लाज वाटल्यासारखं. इनॉक लगेच गाडी थांबवतो. तिकडे तुला उचकी लागली तर समज, आम्ही रस्त्याच्या कडेला उभे आहोत आणि तुझ्याकडेच बघतोय.