अध्यक्षांच्या मुलीचं बक्षीस

बाबा, तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली, पण त्या शुक्रवारचा माझा राग अजून तसाच आहे, आणि आज तो तुम्हाला ऐकवणारच आहे. मी नववीत होते. तुम्ही आखातातल्या मनामा शहरातल्या आपल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष. गणपतीतल्या वक्तृत्व स्पर्धेला मी विषय घेतला होता गुलामगिरी मोडणाऱ्या त्या अमेरिकन अध्यक्षाच्या थोरल्या मुलाचा. वकील, युद्धमंत्री, इंग्लंडमधला राजदूत, शेवटी रेल्वेचे डबे बांधणाऱ्या कंपनीचा प्रमुख. एवढं करूनही लोक त्याला वडिलांच्याच नावानं ओळखत राहिले. माझं म्हणणं होतं, पदं वडिलांच्या पुण्याईनं आली असतील, पण काम त्याचं त्यानं केलं, तेवढं तरी त्याच्या पदरात टाका. इंग्लिश शाळेतली मी, अख्खं भाषण रोमन अक्षरांत लिहिलं होतं. माहूजच्या फ्लॅटमध्ये आई पोळ्या लाटते आहे, मी ओट्याला टेकून म्हणते आहे, आणि उच्चार चुकला की ती लाटणं उचलून म्हणते, "पुन्हा!" तीन आठवडे हेच. तुम्ही मीना सलमान बंदरातल्या वर्कशॉपमधून यायचात आणि मंडळाचे फोन करत बसायचात. भाषण एकदाही ऐकलं नाहीत.

परीक्षकांनी मला पहिलं ठरवलं. चिठ्ठी तुमच्या हातात आली आणि तुम्ही माइकवर हसत म्हणालात, "परीक्षकांनी आमच्या कन्येला पहिलं दिलंय. पण अध्यक्षांच्याच घरात बक्षीस जाणं बरं दिसत नाही. तेव्हा दुसऱ्या आलेल्या मुलीला पहिलं देऊ या." काय टाळ्या पडल्या! मेहनत माझी, आणि निःस्पृह ठरलात तुम्ही. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र, दुसरं काय? गाडीत आई म्हणाली, "अहो, परीक्षकांनी दिलं होतं ना तिला?" मी मागून ओरडले, "दॅट्स नॉट फेअर, बाबा! मी जिंकले होते!" तुम्ही मागे वळूनही पाहिलं नाहीत. "खलास. विषय संपला. अध्यक्षाच्या मुलीनं मन मोठं ठेवायचं असतं." का ठेवायचं? चार लोकांनी नावं ठेवली असती तर ठेवू द्यायची होती. पोटच्या पोरीपेक्षा ते चार लोक तुम्हाला जवळचे वाटले, याचा मला संताप येतो, आजही येतो. पुढे कित्येक वर्षं लोक मला सांगायचे, "तुझे वडील म्हणजे देवमाणूस!" मी दात आवळून मान हलवायचे.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, आणि असता तरी टाकलं नसतं, कारण पुढचंही लिहावं लागतंय. कॉलेज संपवून परत आले आणि मनाम्यातल्या बँकेत मुलाखतीला गेले, तेव्हा समोरच्या मराठी साहेबांनी माझी फाइल उघडलीच नाही. "म्हणजे तुम्ही अध्यक्षांच्या कन्या? मग विचारायचं काय! शनिवारपासून या." बाहेर तीन मुली फाइल मांडीवर धरून बसल्या होत्या. त्यांच्याकडे न बघता मी लिफ्ट गाठली. घरी आल्यावर तुम्ही विचारलंत, कशी झाली मुलाखत? मी म्हणाले, फार अवघड होती, बाबा, पण जमलं मला.