न बांधलेलं फडकं

प्रिय धाकट्या,

गेल्या सोमवारी सकाळी मी तळ्यावर गेलो आणि काठच्या गवतात पालथा पडून बेडकांची अंडी शोधली. पन्नाशीला टेकलेला माणूस चिखलात असा लोळताना पाहून बांधावरून शिंपीणकाकू ओरडल्या, "काय हो, अक्कलदाढ पडली का पाण्यात?" मी हातानंच बोलावलं. अंडी होती, धाकट्या. काळ्या ठिपक्यांचे चिकट पुंजके, पाण्यातल्या देठांना धरून, तीन ठिकाणी. नऊ वर्षांनी. काकू वहाणा काढून खाली आल्या, गुडघ्यावर हात ठेवून बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "आज गवत्या असता तर नाचला असता." मग एकदम साडीचा काठ पिळू लागल्या. तुझी आठवण आमच्याकडे अशीच निघते, आणि निघाली की सगळ्यांना काहीतरी काम आठवतं.

गवत्या हे नाव काकूंनीच ठेवलं होतं. तू शिकून परत आलास आणि म्हणालास की प्रत्येकानं आपल्या शेताच्या कडेला चार हात रुंद पट्टा न नांगरता सोडायचा, टेकडीपासून तळ्यापर्यंत एकाचा पट्टा दुसऱ्याच्या पट्ट्याला जोडायचा. त्यात आपोआप येईल ते गवत, झुडूप येऊ द्यायचं, म्हणजे पाखरं, सरडे, बेडूक, माश्या त्या वाटेनं येतील-जातील. तेव्हा काकू म्हणाल्या होत्या, "सगळं जग गवत उपटतंय, हा गवत पेरतोय. उद्या म्हशीला नांगराला जुंपेल आणि बैलाचं दूध काढेल." लोक पोट धरून हसले, तूही हसलास. त्या वेळी टेकडी नुसता दगड होती. माती दरवर्षी तळ्यात वाहून जायची आणि आपण ती पाट्यांनी परत वर न्यायचो. बाबांनी आपल्या दोन्ही वावरांच्या कडा सगळ्यांत आधी सोडल्या, खुंट्या ठोकून. बाबांनी सोडलं म्हणून बावीस घरांनी सोडलं. सहा वर्षांत टेकडीवर माती थांबली. मधमाश्यावाल्या काकांच्या चार पेट्यांच्या एकवीस झाल्या. तुझ्या वहिनीला पट्ट्यात लाव्याचं घरटं सापडलं तेव्हा तिनं आठवडाभर त्या बाजूनं कुणाला जाऊ दिलं नाही, मला सुद्धा.

तिची तब्येत आता बरी आहे. डावा पाय थोडा ओढते, पण काठी घेत नाही. मुलगी शहरात नोकरीला लागली. विहिरीजवळचा शेवगा वाऱ्यात पडला. टेकडीवर आता इतकी सावली आहे की गुरं दुपारी खाली यायला मागत नाहीत. हे सगळं तुला वेळोवेळी कळवायला हवं होतं. कितीदा कागद पुढ्यात घेतला, "प्रिय" एवढं लिहिलं आणि देवापुढे जाऊन बसलो. देवापुढेही तसंच व्हायचं. हात जुळायचे, पुढे काही मागता यायचं नाही.

आपला नियम तुला आठवतो. विषारी औषध कुणी मारायचं नाही. कीड पडली तर शेताच्या कोपऱ्यात काठीला पांढरं फडकं बांधायचं. ते दिसलं की दुसऱ्या दिवशी उजाडताच प्रत्येक घरातून एक माणूस डबा घेऊन यायचा आणि सगळे मिळून अळ्या वेचायचे. किती गमतीची कामं असायची ती! काकूंचा आणि मधमाश्यावाल्या काकांचा अळ्या मोजण्यावरून होणारा तंटा ऐकायला मी मुद्दाम मधल्या ओळीत उभा राहायचो.

त्या वर्षी तुझी वहिनी दोन महिने दवाखान्यात होती. मी तिथे आणि इथे असा ये-जा करत होतो. त्या काळात तीन वेळा तीन शेतांत फडकी लागली आणि मी एकदाही गेलो नाही. कुणी मला बोललं नाही. ते बोलले असते तर बरं झालं असतं. मग माझ्याच वरच्या वावरात घेवड्यावर अळी पडली, फुलांनी भरलेला घेवडा. मी फडकं काढलं, काठी काढली, कोपऱ्यापर्यंत गेलो. आणि माझ्या मनात आलं की तीन वेळा न गेलेला माणूस कुठल्या तोंडानं सगळ्यांना बोलावणार? ते आले असते, हे मला तेव्हाही माहीत होतं. हसत आले असते. त्यांच्या त्या हसण्याचीच मला लाज वाटली. मी फडकं घडी करून खिशात ठेवलं.

वरची चिठ्ठी लोकांना वाचून दाखवायला, यात काय असतं ते समजावायला तू विषारी औषधाच्या बाटल्या आणून पेटीत कुलूप लावून ठेवल्या होत्यास. किल्ली चौकटीवर असते हे घरात आपल्या दोघांनाच माहीत होतं. तू चार दिवस बियाणं आणायला बाहेर गेला होतास. पंप मी बाजारातून भाड्यानं आणला. दिवस उगवायच्या आत फवारून मोकळा झालो, वरच्या ओहोळात पंप धुतला आणि रिकामी बाटली झुडपात फेकली. दुपारी एक सर येऊन गेली. पुढचं तू परत आल्यावर पाहिलंस. तळ्याच्या काठाला पांढरे पडलेले बेडूक. पेट्यांसमोर माश्यांचा ढीग, आणि काका तो हातानं ओंजळीत भरत होते, जणू त्यातल्या काही उठतील. आणि गाळात अडकलेली ती बाटली.

सभेत ती बाटली मधोमध ठेवली होती. बाबांनीच विचारलं, "ही तुझी का?" तू बाटलीकडे पाहिलंस, मग एकदा माझ्याकडे, आणि म्हणालास, "हो, माझ्याच पेटीतली." पुढे कुणी काय काय बोललं! लोकांना शिकवतो आणि बाहेर जायच्या आधी स्वतःच्या बियाण्याच्या वाफ्यावर चोरून मारून जातो, असं म्हणाले. तू एक शब्द बोलला नाहीस. तुझ्या वहिनीला तेव्हा दवाखान्यातून घरी येऊन पाचच दिवस झाले होते. तू तिच्यासाठी गप्प राहिलास की माझ्यासाठी, हे मी नऊ वर्षं स्वतःला विचारतो आहे. दुसऱ्या दिवशी तू गेलास. मी बसथांब्यापर्यंत तुझी पिशवी उचलून आलो आणि तिथेही बोललो नाही.

बाबा गेले तेव्हा तुला कळवलं ते दहाव्या दिवशी, आणि तेही मीच उशिरा कळवलं. पत्ता सापडत नव्हता हे खोटं होतं. शेवटच्या आठवड्यात त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, "एकानं मान खाली घालायला लावली, तू तरी घराचं नाव राखलंस." मी त्यांच्या तोंडात चमच्यानं पाणी घातलं. एवढंच केलं. तोंडाशी आलेलं मी त्या पाण्याबरोबर गिळलं, आणि ते तसेच गेले. याला आता काही उपाय नाही, धाकट्या. बाकी सगळं माफ होईल कदाचित, पण हे ज्यांनी माफ करायचं तेच आता राहिलेले नाहीत.

सोमवारी तळ्यावरून घरी आलो आणि तुझ्या वहिनीला अंडी सापडल्याचं सांगायला लागलो. सांगता सांगता सगळंच सांगून टाकलं. ती भाजी निवडत होती. निवडून झाली, पाणी घालून धुतली, मग म्हणाली, "म्हणजे माझ्या दुखण्याच्या आड लपलात." भाजी चुलीवर ठेवून म्हणाली, "आधी लोकांना सांगा. तोवर मला हाक मारू नका." तेव्हापासून ताट वाढते, पण समोर बसत नाही.

हे पत्र क्षमा मागायला लिहीत नाही, आणि परत ये असं म्हणायचा हक्कही मला उरलेला नाही. काल सकाळी सभेत मी सगळं सांगितलं. सभा उठल्यावर लोक तुला कळवायला निघाले होते, पण मी विनंती केली की आधी मला लिहू द्या, त्याला हे माझ्या अक्षरात मिळायला हवं. सभेला बावीसही घरांची माणसं आली होती, आणि मागे भिंतीला टेकून तुझी वहिनी उभी होती. मी उठलो आणि सांगितलं की औषध मी मारलं, पंप मी धुतला, बाटली मी पेटीतून काढली, आणि हे माहीत असूनही धाकटा गप्प राहिला. बाबांशी मी शेवटपर्यंत खोटं वागलो, तेही सांगितलं. मधमाश्यावाले काका टोपी उचलून निघून गेले. शिंपीणकाकू तोंडाला पदर लावून रडल्या. कुणीतरी म्हणालं, "बसा आता." मी बसलो नाही. ज्याला जे बोलायचं होतं ते त्यानं बोलून घेतलं आणि सगळ्यांचं होईपर्यंत मी उभा राहिलो.

अजूनही तुझाच म्हणवून घेणारा,
दादा