चव्वेचाळिसाव्या वर्षी दत्तक

८ नोव्हें.
"देली म्हणजे देली. पोरगी आता आमची नाई." नवऱ्याचं घर सोडून किरनापुरला परतले, तेव्हा बाबा दारातच म्हणाले होते. आई मागे उभी, पदर तोंडाशी. आता ती हयात नाही.
तशीच बालाघाटला आले. एकट्या राहणाऱ्या माईंनी आपल्या घरातली वरची खोली भाड्याने दिली. पुढे कधीतरी भाडं घेणंच बंद केलं.
आज हे आठवलं, कारण परवाच दवाखान्यातून घरी सोडलेल्या माई मेथी निवडता निवडता म्हणाल्या, "तुले दत्तक घेतो मी."
"माई, केस पिकले माहे."
"बरं हाय ना. दूध पाजाचं काम नाई."

११ नोव्हें.
वकिलाकडे. "मैडम, उमर ज़्यादा, शादी भी हो चुकी. कानून तो मना करता है." मग मराठीत, "पण आपल्या समाजात मोठ्या माणसाले घ्याची रीत असन, तं साबित करू."
माई लगेच, "माह्या काकानं दोन लेकरांचा बाप दत्तक घेतलता! बायकोसकट आला तो."
वकील हसले. अडचण पुढेच. आई नाही, म्हणजे द्यायचं बाबांनी. चार लोकांसमोर माझा हात माईंच्या हातात. त्यानंतर कायद्याने मी बाबांची कोणी नाही.
मनात म्हटलं, हे तर त्यांनी केव्हाच केलंय. हो म्हणतील.

१६ नोव्हें.
किरनापूर. बाबा अंगणात धान वाळवत होते. सगळं सांगितलं. पायाने धान फिरवत राहिले.
"काहून? मी मेलो का?"
"तुमीच तं म्हणलं होतं, आमची नाई."
"म्हणलं असन."
मग धानाकडेच बघत, "माही पोरगी हाय तू. कोणाले नाई देत."
तेव्हा म्हणाले असते तर. आई होती तेव्हा. बसमध्ये रडले, बाजूची बाई पाण्याची बाटली पुढे करत होती. राग होता की...
बालाघाट येईपर्यंत डोळे पुसत होते.

१९ नोव्हें.
माईंना सांगितलं. "बाप हाय तो. राहू दे." जेवल्या नाहीत नीट.
संध्याकाळी आपणहून म्हणाल्या, "दवाखान्यात नर्सनं विचारलं, ही तुमची कोण लागते? किरायदार म्हणलं मी. माह्याच तोंडानं."
मी दिवा लावायच्या निमित्ताने उठले.
त्या दिवशी पलंगाजवळच उभी होते मी. ऐकलं होतं. त्यांना माहीत नाही.

२२ नोव्हें.
माई आज जिना चढून वर आल्या, नको म्हटलं तरी. माझी खोली बघून गेल्या, उगाच. चादर सरळ केली.
किरनापुरला जाऊन विचारलंच नसतं तर बरं झालं असतं का? मग बाबांचं ते वाक्य कधीच मिळालं नसतं. आता मिळालं, तर ते धरून जन्मभर माईंची किरायदारच राहायचं?

२३ नोव्हें.
उद्या बाबांना फोन. वहिनी उचलेल, त्यांच्या कानाशी धरेल. कमी ऐकू येतं, म्हणून थोडकंच बोलायचं. नाहीच म्हणतील. एक तर द्यायचं, नाही तर आपलं म्हणायचं; दोन्ही एकदम त्यांना जमत नाही. तरी विचारणार—
"बाबा, रविवारी या. माहा हात माईच्या हातात द्या. अन् या वेळी, देल्यावर बी, मले आपली म्हणा."